पोटरीत गोळा येतो? आधी तो कधी येतो ते पाहा

रोवणीच्या बांधीत, कापसाच्या तासात किंवा पहाटे तीनला खाटेवर, पोटरी एकाएकी आवळते, पाय दगडासारखा होतो आणि माणूस कळवळतो. कोणी म्हणतं नस चढली, कोणी म्हणतं वांब आला, कोणी पेटका म्हणतं. नाव काहीही द्या, होतं एकच: स्नायू आपल्या मर्जीविरुद्ध आकसतो आणि सुटत नाही. बहुतेक गोळे काही सेकंदांत किंवा पाच-दहा मिनिटांत जातात, पण दुखरेपणा दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. तोच गोळा पुन्हा पुन्हा यायला लागला की घरात ठरलेली वाक्यं सुरू होतात: कॅल्शियम कमी झालं असंल, वात असंल, एक बाटली चढवून घे. गोळा कोणत्या वेळी आणि काय करताना आला, एवढा एकच प्रश्न कोणी विचारत नाही. निम्मा इलाज त्या उत्तरात असतो.

आता या क्षणी गोळा आला असेल तर

खाली बसा, गुडघा पूर्ण सरळ करा आणि पावलाचा चवडा नडगीकडे ओढा. हात पोहोचत नसेल तर दुपट्टा किंवा शेला चवड्याखालून घ्या आणि दोन्ही टोकं धरून स्वतःकडे ओढा. दुपट्टा बोटांवर नको, बोटांच्या मागच्या जाड गादीवर हवा. बोटांवर घेतला तर तो सटकतो आणि नुसती बोटंच वाकतात. वीस ते तीस सेकंद एकसारखं ताणून धरा, हळूच सोडा, पुन्हा ताणा. झटके देऊ नका. हाताला कडकपणा लागेनासा होईपर्यंत तीन-चार वेळा करावं लागतं.

गुडघा सरळ का? पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो आणि टाचेला जाऊन चिकटतो. गुडघा वाकलेला ठेवून पाऊल कितीही ओढलं तरी तो ढिलाच राहतो. "पाय ओढला तरी गोळा सुटला नाही" अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा गुडघा वाकलेला असतो. दुसरी चूक मदतीला धावलेल्यांची: ते पायाचा अंगठा धरून खाली ओढतात. त्यानं पोटरी आणखी आखडते. ताण नेहमी वरच्या दिशेनं, नडगीकडे.

वावरात असाल तर धुरा, म्हणजे शेताचा बांध, कामी येतो. चवडा धुऱ्याच्या उतारावर टेकवा, टाच खाली जमिनीवर, गुडघा सरळ, आणि अंगाचा भार हळूहळू पुढे टाका. बांधीत पाय रुतलेला असताना ताणायचा प्रयत्न करू नका, आधी कोरड्यावर या. मांडीच्या मागच्या बाजूला गोळा असेल तर बसून पाय सरळ ठेवून कमरेतून पुढे वाका. मांडीच्या पुढच्या बाजूला असेल तर झाडाला किंवा बंडीला धरून उभे राहा आणि त्या पायाचा घोटा मागून कुल्ल्याकडे ओढा. तळव्यात आला असेल तर पाचही बोटं वर वळवा.

ताणल्यानं गोळा का सुटतो, तेही समजून घेतलेलं बरं. टाचेच्या वर जी जाड दोरी हाताला लागते, तिच्यात ताण मोजणारे मज्जातंतूंचे टोक असतात. ताण वाढला की ते मज्जारज्जूला "सैल कर" असा निरोप धाडतात. थकलेल्या आणि आखूड अवस्थेत राहिलेल्या स्नायूत हा निरोप क्षीण पडतो आणि "आवळ" म्हणणारा निरोप जोरात चालतो. आपण ओढून तो पहिला निरोप पुन्हा जिवंत करतो. गोळा कडक असताना बुक्क्या मारणं, अंगठ्यानं रगडणं, फडकं करकचून बांधणं यातून तो निरोप जात नाही, स्नायू मात्र ठेचला जातो. चोळायचं असेल तर गोळा सुटल्यावर, हलक्या हातानं. मग कोमट पाण्याच्या फडक्यानं दहा-पंधरा मिनिटं शेकावं. मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्यानं गरम वीट किंवा गरम पाण्याची पिशवी अजिबात वापरू नये. चटका लागलेला कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

इथेच एक खूण लक्षात ठेवा, पुढे सारखी लागेल. खऱ्या गोळ्यात हाताला घट्ट गाठ लागते आणि ताणल्यावर काही मिनिटांत ती सुटते. गाठ लागत नाही, ताणून फरक नाही, दुखणं तासन्‌तास चालू आहे, तर ते पेटक्याचं दुखणं नाही. त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

वावरात, घामाच्या कामात येणारा गोळा

मेमध्ये तेंदूपत्ता तोडताना, जूनमध्ये पेरणीला, पऱ्हाटीत डवरणी-निंदण करताना आणि ऑक्टोबरच्या तापत्या उन्हात सोयाबीन सोंगताना येतो तो हा. उन्हातल्या जड कामात तासाला एक लिटर घाम सहज जातो आणि एक लिटर घामासोबत साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ. माणूस तहान लागली म्हणून नुसतं पाणी पितो. पाणी भरून निघतं, मीठ निघत नाही. ब्रिटनमधल्या कोळसा खाणीतल्या मजुरांवर १९२३ च्या सुमारास हेच दिसून आलं होतं: भरपूर पाणी पिणाऱ्यांनाच गोळे येत, आणि पाण्यात थोडं मीठ घातल्यावर ते कमी होत. "मी तर चार बाटल्या पाणी पेतो, मंग गोळा कसा येते?" याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

आपला घाम किती खारट, हे घरच्या घरी कळतं. काळं किंवा गडद बनियन, टोपी, ब्लाउज वाळल्यावर त्यावर पांढरे ओघळ, पांढरी नक्षी उमटत असेल तर मीठ जास्त जातंय. अशा माणसाला इतरांआधी गोळा येतो.

मग प्यायचं काय? आरोग्य उपकेंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणारं ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजानं एका ग्लासात घालून पिणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. त्यानं मिठाचं प्रमाण बिघडतं आणि मळमळ होते. दुकानात २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचं माप वाचून घ्या. तयार पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलीचा, आणि सपाट म्हणजे बोटानं वरचा ढीग काढून टाकलेला. लिंबू पिळा, चव येते. दुकानातली डब्यातली गोड पेयं ओआरएससारखी दिसत असली तरी त्यात साखर फार आणि मीठ कमी असतं.

पातळ ताक हा याहून जुना आणि स्वस्त उपाय. एका लिटरला अर्धा सपाट चमचा मीठ टाकलं की काम भागतं. कैरीचं पन्हं मीठ घालूनच करा, नुसत्या गुळाचं पन्हं गोळ्याला उपयोगी नाही. दोन तासांपेक्षा जास्त घाम निघणार असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, आणि त्या दिवसाच्या पाण्यापैकी एखादा लिटर असा खारट. एका दमात दोन लिटर ढोसू नका; तासाला दीड लिटरपेक्षा जास्त कधीच नको.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या गावांमध्ये, विहिरीच्या खाऱ्या पाण्यात ओआरएस कालवू नका. आधीच खारं पाणी, त्यात पाकीट, म्हणजे मिठाचा भडिमार. नळयोजनेचं गोडं पाणी घ्या. आणि रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं मिठाचं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

हंगामाचा पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घामातलं मीठ आपोआप कमी होतं. म्हणून मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेला पोरगा पहिल्याच दिवशी आठ तास राबला की संध्याकाळी दोन्ही पोटऱ्या धरून बसतो. पहिल्या दिवशी निम्मं काम, मग रोज थोडं वाढवत जायचं. दुपारी अकरा ते चार सावली.

घामाइतकाच दोष बसण्याच्या पद्धतीला. निंदताना तासन्‌तास उकिडवं बसून, टाचा उचलून, चवड्यावर सरकलं की पोटरी आखूड अवस्थेत काम करत राहते, आणि आखूड स्नायूच आवळतो. दर अर्ध्या तासाला उठून, टाच जमिनीला टेकवून प्रत्येक पाय वीस सेकंद ताणा. वेचणीला कमरेची ओटी भरली की ती रिकामी करायला जाताना हे करता येतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

उन्हातल्या गोळ्यांबरोबर सगळं अंग आवळत असेल, लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होत असेल, माणूस बरळत असेल किंवा उलट्यांमुळे पाणी पोटात टिकत नसेल तर घरचे उपाय थांबवा आणि १०८ ला फोन करा. स्नायू फुटून त्यातला रंग मूत्रपिंडात अडकत असतो. दोन तासांचा उशीरही महागात पडतो. हगवणीत पोटऱ्या आवळायला लागल्या तरी तेच: ओआरएस पाजत पाजत दवाखाना गाठायचा.

फवारणीनंतरचा गोळा वेगळा

पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी केल्यावर पाय आवळले, तर उन्हामुळे असं समजून सोडू नका. डोळ्यांत पाणी, तोंडाला लाळ, मळमळ, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि दंड-मांड्यांचे स्नायू कातडीखाली किडे वळवळल्यासारखे फडफडणं, ही कीटकनाशकाची विषबाधा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेनं अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. अंगावरचे कपडे लगेच काढा, साबण-पाण्यानं सगळं अंग, केस आणि नखं धुवा, कीटकनाशकाची बाटली लेबलसकट सोबत घ्या आणि सरकारी दवाखान्यात जा. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी पाजू नका, दूधही नको. धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी.

रात्री खाटेवर येणारा

पन्नाशीनंतर हा फार. याचं नेमकं एक कारण सापडत नाही, पण परिस्थिती कळते: चित झोपलं की पाऊल खाली झुकतं, वरून जड गोधडी चवडा आणखी दाबते, आणि पोटरी आखूड होऊन बसते. झोपेत कूस बदलताना पाय ताणला की गोळा.

झोपण्याआधीचा ताण हा इथला पहिला उपाय. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभे राहा, तळहात भिंतीला, एक पाय मागे, मागच्या पायाची टाच जमिनीला पक्की, गुडघा सरळ, आणि कमरेनं भिंतीकडे झुका. वीस-तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. मग खाटेवर बसून पाय सरळ ठेवून मांडीची मागची बाजू तशीच ताणा. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पंचावन्न वर्षांवरच्या ८० जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे रोज रात्री असं ताणलं. त्यांचे गोळे कमीही झाले आणि सौम्यही. चार दिवस करून सोडणाऱ्यांना फरक दिसत नाही. गोधडी पायथ्याशी खोचू नका, सैल सोडा. पालथं झोपत असाल तर पावलं खाटेच्या काठाबाहेर लोंबू द्या. रात्री मोहाची किंवा इतर दारू घेत असाल तर ती महिनाभर बंद करून पाहा.

मॅग्नेशियमच्या गोळ्या मेडिकलवाला हमखास देतो. वयस्कांच्या रात्रीच्या पेटक्यांवर त्यांचा उपयोग होत नाही, हे अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून निघालेलं आहे. कॅल्शियमही रक्तात कमी असेल तरच. क्विनीनचं नाव गडचिरोलीकडे हिवतापामुळे ओळखीचं आहे. त्यानं गोळे थोडे कमी होतात हे खरं, पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी एकदम घसरणं, हृदयाची लय बिघडणं असे जीवघेणे परिणाम होऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ पासून पेटक्यांसाठी ते वापरू नका असंच सांगितलेलं आहे. आणि सलाईन: पाचशे मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे पाऊण चमचा. तोंडानं पिता येत असेल तर तेच मीठ ताकातून जातं, सुई आणि पाचशे रुपये वाचतात.

गोळी सुरू झाली आणि गोळे आले?

रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे "एच" किंवा "सीटी" लिहिलेलं असेल तर तिच्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. त्यानं रक्तातले सोडियम, पोटॅशियम हे क्षार उतरतात. पायावर सूज म्हणून दिलेल्या लघवीच्या गोळ्यांचंही तेच. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखतात, दम्याच्या सालब्युटामॉलनं आवळतात. गोळी मनानं बंद करू नका, रक्तदाब उसळतो. पाकीट घेऊन जा आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम व मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासायला सांगा.

चालताना येणारा, आणि जे गोळेच नसतात

बसस्टँडपासून शाळेपर्यंत चाललं की पोटरी भरून येते, दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी होते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा. अंतर ठरलेलं. हा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा नमुना. बिडी ओढणारे आणि मधुमेही यात पुढे. पाऊल गार, केस गळालेले, जखम भरत नाही, असं असेल तर वेळ घालवू नका. नुसतं उभं राहून आराम पडत नसेल, पण पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर पडत असेल आणि सायकल चालवताना त्रासच नसेल, तर दोष कमरेच्या मणक्यात असण्याची शक्यता जास्त.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबली की दुखते: शिरेत रक्ताची गाठ असू शकते. इथे मालिश करायचं नाही. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. बाळंतीण, नुकतं ऑपरेशन झालेला आणि खाटेला खिळलेला माणूस यांच्यात हे जास्त.

गर्भारपणात चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर रात्रीचे गोळे बऱ्याच जणींना येतात. भिंतीचा ताण त्यांनाही चालतो. सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या मिळतात, त्या लोहाच्या गोळीसोबत घेऊ नयेत. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवलं नाही तर लोह नीट शोषलं जात नाही.

विदर्भात आणखी दोन गोष्टी डोक्यात ठेवाव्या लागतात, ज्या पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला पटकन सुचणार नाहीत. पहिली सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. पोराचे पाय, हात, कंबर हाडात ठणकतात, कडक गाठ लागत नाही, ताणून काही होत नाही, थंडीत किंवा पाणी कमी प्यालं की वाढतं, डोळे पिवळट दिसतात: हे "वाढीचं दुखणं" म्हणून सोडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते, तिच्यात दोष दिसला की पुढची पक्की तपासणी. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यामुळे तपासणीला पैसे लागत नाहीत.

दुसरी लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे धानाच्या मागे उतेऱ्याला लाखोळी पेरतात. कधीमधी वरणात किंवा वड्यांत खाल्ल्यानं काही होत नाही. पण टंचाईच्या दिवसांत दोन-तीन महिने जेवणाचा मोठा भाग तीच झाली, तर तिच्यातल्या विषारी द्रव्यानं पायांच्या नसा जातात. सुरुवात रात्रीच्या पोटरीतल्या गोळ्यांनी आणि पाय जड पडण्यानं होते. मग गुडघे कडक होतात, चालताना चवडे घासतात, पाय कात्रीसारखे आडवे पडतात. तिथवर गेलेलं परत येत नाही. पहिल्या खुणेलाच लाखोळी पूर्ण बंद. खायचीच असेल तर गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकावं, भरपूर पाण्यात शिजवून तेही फेकावं आणि तुरी-मुगात थोडीच मिसळावी. त्यानं विष कमी होतं, संपत नाही.

दवाखान्यात जाण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आठवडे खुणा करा: गोळा आला त्या तारखेला वेळ, कोणता पाय, त्या दिवशीचं काम आणि किती मिनिटांत सुटला. सोबत सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं. डॉक्टर साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांतलं काय लागतं ते त्या खुणांवरून ठरवतील. सातही तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत. रात्रीच फक्त येतो, ताणल्यावर सुटतो, बाकी प्रकृती ठीक, कोणती गोळी चालू नाही, अशा माणसाला बहुतेक वेळा एकही लागत नाही.